न्हाईचा सांधा

पहिल्या वर्षी शरीररचनेच्या प्रात्यक्षिकात मी नापास झालो. हात वाईट होता म्हणून नव्हे, चांगला होता म्हणून. ही गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. दोन-चार जणांना सांगायला गेलो तर "काहीतरीच काय" म्हणून त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, माझेच गुडघे जिना चढताना बोलायला लागलेत, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकावं. ज्याला विषय बदलायचा असेल त्याने खुशाल पान उलटावं.

आमचं गाव शिरूरपासून दीड कोसावर, घोड नदीच्या काठी. पण वडील रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि आम्ही दौंडकर झालो. गँगमन म्हणजे रुळांची देखभाल करणारा माणूस. रोज मैलोगणती रुळावरून चालायचं, सैल झालेले बोल्ट पिळायचे, खडी सारखी करायची. दोन रूळ जिथे जोडतात तिथे बाहेरून लोखंडी पट्टी असते आणि आत नखाएवढी फट सोडलेली असते. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, ही फट बुजवत का नाहीत? ते म्हणाले, "बुजीवली तर उन्हात रूळ फुगून वाकडा हुईल. सांध्याला हालाया जागा लागती." सांध्याविषयीचा माझा पहिला धडा हा.

मॅट्रिक झालो, पुण्यात एक वर्ष सायन्सचं काढलं आणि गुरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. मला गुरांचा फार लळा होता वगैरे सांगणार नाही. माणसांच्या डॉक्टरकीला मार्क कमी पडले, एवढंच. फी माफ होती आणि सरकारची शिष्यवृत्ती होती. तिचा नियम साधा होता. एकदा नापास झालात तर पुरवणी परीक्षेला बसा, दुसऱ्यांदा झालात तर शिष्यवृत्ती बंद आणि घरी जा.

मी डॉक्टरकीला चाललो म्हटल्यावर गावाकडे आमच्या आळीत आनंद झाला, पण "कसली डॉक्टरकी?" असं विचारून झाल्यावर म्हातारी माणसं जरा गप्प झाली. त्याला कारण होतं. गावची मेलेली गुरं ओढून न्यायची, सोलायची, हे काम पिढ्यानपिढ्या आमच्या माथ्यावर होतं. मी अंगावर पीत होतो त्या वर्षी आमची सगळी आळी बौद्ध झाली आणि हे काम त्याच दिवशी बंद झालं. मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही, अशी शपथ घेतली होती. माझ्या वडिलांचे चुलते, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, ते त्या कामातले सगळ्यांत जाणते. त्यांनी आपल्या तीन सुऱ्या लोहाराकडे नेल्या आणि त्यांची खुरपी करून आणली. लोहार म्हणे फुकट करून देत होता, आबांनी ऐकलं नाही, मजुरी मोजून दिली. त्यानंतर आमच्या घरात सुरी चालली ती कांद्यावर, फार तर सणाला कोंबडीवर.

म्हणजे कॉलेजात जाईपर्यंत मी जन्मात सोललेलं ढोर पाहिलेलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ते कुणीच लक्षात ठेवलं नाही.

कॉलेज कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हां, तिथे असतीलच तसले लोक. तसले लोक सगळीकडे होते. चिरफाडीच्या हॉलमध्ये लांब टेबलं होती, त्यांवर म्हशीची रेडकं औषधी पाण्यात मुरवून ठेवलेली. त्या औषधाने डोळ्यांतून पाणी यायचं, नाकाची आग व्हायची आणि दुपारी जेवताना बोटांना तोच वास. पहिल्या महिन्यात निम्मी मुलं ओकली. मी ओकलो नाही. माझा हात दोन आठवड्यांत बसला. स्नायूवरचं पातळ आवरण न फाडता उचलणं, शीर न कापता बाजूला सारणं, हे मला जमायला लागलं आणि आवडायलाही लागलं. शेजारच्या टेबलावरची मुलं "जरा इकडे ये ना" म्हणून बोलवायची. मी जायचो. फुशारकी होती, नाही कशाला म्हणू?

एक दिवस मी पुढच्या पायाचा कोपर मोकळा करत होतो. मागे आमचे प्राध्यापक येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही. मी सुरीचं टोक सांध्यात घातलं आणि दोन हाडं स्वच्छ वेगळी झाली. ते हसून सगळ्यांना म्हणाले, "बघा. यांना शिकवावं लागत नाही. यांच्या हातातच असतं ते."

मुलं हसली. कुणी वाईट हसलं नाही हो. नेहमीचंच हसली. प्राध्यापक पुढच्या टेबलाकडे गेले. मी तिथे उभा, हातात सुरी, आणि कानशिलं तापलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सतरा वर्षं आमच्या घराने ज्याला हात लावला नव्हता ते यांना माझ्या हातात दिसलं. दोन महिने रात्री पुस्तक उरावर घेऊन झोपलो होतो, ते कुणाला दिसलं नाही.

मग मी जे केलं ते आमच्यातलाच माणूस करील, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम वाईट कापायला लागलो. सुरी पेन्सिलीसारखी धरायची, शिरा तोडायच्या, सांधा चार बोटं पलीकडे शोधायचा. म्हटलं, घ्या. आता दाखवा माझ्या हातात काय आहे ते. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा प्रकार. पण सोंग फार दिवस घेतलं की ते अंगात भिनतं. मार्चपर्यंत माझा हात खरोखरच बिघडला. परीक्षेत मागच्या पायाचा सांधा मोकळा करायला सांगितला, तेव्हा मला मनापासून तो नीट करायचा होता. सुरी हाडावर आपटली. पुन्हा लावली, पुन्हा हाडावर. हाडावर सुरी घासल्याचा आवाज दाताखाली खडा आल्यासारखा असतो. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेला.

निकाल घेऊन दौंडला आलो. वडील कामावरून येऊन पाय धूत होते. मी सांगितलं. ते तांब्या ठेवून म्हणाले, "परत कवा हाय परीक्षा?"

"जूनच्या शेवटी."

"आन् पुन्ना गेलास तर?"

"तर शिष्यवृत्ती बंद. घरी यायचं."

त्यांनी पाय पुसले. मग शांतपणे म्हणाले, "मुकादमाच्या कानावर घालून ठिवतो. गँगमधी एक जागा निघतीया. रूळ बी सांधायचंच काम हाय." टोमणा नव्हता तो. त्यांना मला सावली द्यायची होती. पण मला ती सावली नको होती. गँगच्या कामाची लाज नव्हती, त्याच कामावर मी वाढलो. मला कुणीतरी काढून लावल्यामुळे तिथे जायचं नव्हतं, इतकंच. मी म्हणालो, मी आबांकडे जातो अभ्यासाला, इथे गाड्यांचा आवाज होतो. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. माझा सगळा जन्म त्या गाड्यांच्या आवाजात गेलेला. 

दौंडहून चौफुला, तिथून न्हावरे, मग शिरूर, असा यष्टीने दिवस काढून मी गावी पोचलो. पिशवीत जाडजूड पुस्तक आणि चिरफाडीच्या हत्यारांची पेटी. आबांचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे छपराचा गोठा आणि त्यात एक गाय. गाईचं दूध आबा सकाळी शिरूरच्या यष्टी स्टँडाजवळच्या एका चाचांच्या हॉटेलात घालायचे. गावात आमच्या घरचं दूध घेणारे थोडे होते. चाचांच्या हॉटेलात त्याच दुधाचा चहा गावातलेच लोक फुर्रफुर्र ओढून प्यायचे. आबा कधीमधी तिथे बाकावर बसून ते बघत आणि मिशीत हसत.

पंधरा दिवस मी पुस्तक पाठ केलं. सांध्यांचे प्रकार, त्यांची रचना, त्यांची हालचाल. शब्द सगळे पाठ, पण हाताला काही कळत नव्हतं. कॉलेजातले औषधात मुरलेले पाय लाकडासारखे ताठ असायचे, त्यांतला एकही सांधा कधी हललेला मी पाहिला नव्हता. हालचाल हा विषय आम्ही न हलणाऱ्या वस्तूवर शिकत होतो.

अशात एका सकाळी मळेवाल्यांचा थोरला मुलगा फटफटीवरून दारात आला. नदीकाठची सगळी बागायत त्यांची. एरवी आबांना "ए म्हाताऱ्या" म्हणणारा हा गडी त्या दिवशी "आबा" म्हणाला.

"आबा, बैल गेला आमचा. पान लागलं राच्चं. दावणीतच पडलाय. तेवढा उचलायचा बघा. कातडं तुमालाच."

बैलाला साप चावला होता. आबा अंगणात बसून दोर वळत होते. त्यांनी मान वर केली आणि ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवली.  पुन्हा दोर वळायला लागले.

मुलगा घुटमळला. मग त्याची नजर माझ्यावर गेली. "आरं, ह्यो तर त्येच शिकतोय म्हणं! सरकार पैसं देतंय ढोर फाडायला. चल रं, तुजी प्रॅक्टिस हुईल. आयता बैल हाय, ताजा."

आणि मी उठलो. लिहिताना आजही लाज वाटते, पण उठलो. त्याचं बोलणं मला झोंबलं नाही, असं नाही. पण ताजा बैल, अजून न ताठलेले सांधे, अख्खा दिवस हातात. जूनची परीक्षा डोळ्यांपुढे होती. मी आत गेलो आणि पेटी काढून आणली.

"बस खाली," आबा म्हणाले.

"आबा, फक्त एक पाय..."

"बस म्हन्लं ना."

फटफटी गेली. मागाहून कळलं, मळेवाल्यांनीच ट्रॅक्टरला दोर बांधून बैल ओढ्यापर्यंत नेला. आभाळ कोसळलं नाही. त्या वेळी मात्र मी आबांवर कोसळलो. म्हणालो, "तुमची शपथ तुमच्यापाशी ठेवा. मी त्या दिवशी अंगावर पीत होतो, मला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या शपथेपायी मी नापास होणार आणि जन्मभर खडी उपसणार. कॉलेजात रोज फाडतोच की मी मेलेलं ढोर! मग तिथे चालतं आणि इथे का नाही?"

आबांनी दोर खाली ठेवला. "तितं टेबलावर कोन कोन फाडतं?"

"सगळेच."

"समद्या जातीची पोरं?"

"हो."

"मग त्ये शिक्षान हाय. हितं फाडलं तर त्ये फकस्त आपून फाडतो. ह्ये शिक्षान न्हाई." मग म्हणाले, "त्या पोराला तू डाक्टर व्हनार म्हनून बोलवत न्हवता लेका. त्येला बैल उचलून पायजे व्हता."

 मला रडू फुटलं आणि त्या रडण्यात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. प्राध्यापक काय म्हणाले, मी मुद्दाम वाईट कापलं, मग हातच कसा गेला. वडिलांनाही सांगितलं नव्हतं हे. मला वाटलं आबा जवळ घेतील. ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले.

"म्हंजी त्यो बोलला हातात हाय, आन् तू हातच तोडून दिलास व्हय त्येला? शाना हायेस!" डोळे पुसून म्हणाले, "आरं, आमी काम सोडलं. अक्कल कशापायी सोडायची? ती काय गावानं दिली व्हती? बाराव्या वर्सापासनं पाठीवर ओझं वाहून शिकलोय. सांध्यात सुरी घालायला जेवढं कळाय लागतं तेवढं त्या मास्तराला बी येत नसंल. चांगला हात असला तर असू दे की. लाज त्येनं धरावी, आपून का?"

"पण मग शिकवणार कसं? मेलेल्याला तर हात लावायचा नाही."

"मेलेल्याला न्हाई," आबा म्हणाले. "जित्याला कोन नको म्हनतंय?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांनी मला गोठ्यात उभं केलं. उपरण्याने माझे डोळे बांधले आणि माझा हात गाईच्या खांद्यावर ठेवला. त्यांनी गाईचा पुढचा पाय उचलून वाकवला. "आता बोटानं बघ. जितं कातडीखाली खळगी उघडती मिटती, तितं सांधा. डोळ्याला हाड दिसतं, सांधा गावतो बोटाला." पहिले तीन दिवस मला काहीच सापडलं नाही. चौथ्या दिवशी गाईने लाथ मारली आणि मांडीवर वाटीएवढा काळानिळा डाग उठला. आबा म्हणाले, "ही लाथ कंच्या कंच्या सांध्यातनं आली सांग." मी मांडी चोळत सांगितलं. दोन चुकले.

मी पुस्तकातलं वाचायचो, ते त्यांच्या भाषेत करायचे. पुस्तकात सांध्यांचे तीन मोठे प्रकार होते: न हलणारे, थोडे हलणारे आणि मोकळे हलणारे. आबांकडेही तीनच. मुका, कुरकुऱ्या आणि बोलका. मुका कवटीचा, पोत्याच्या शिवणीसारखा शिवून टाकलेला, तो जन्मात हलत नाही. कुरकुऱ्या पाठीच्या मणक्यांचा, मधे कुरकुरीत हाडाची चकती, एकेक मणका हलतो नावाला पण सगळे मिळून गाय पाठ वाकवते. बोलके ते पायांचे. त्यांच्या आत पिशवी आणि पिशवीत अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट वंगण. हे वंगण मी पुस्तकात वाचलं होतं, आबांच्या बोटांनी ते पाहिलं होतं. मी दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली तर म्हणाले, "तेवडं पातळ न्हाई. तार सुटंल इतकं." पुस्तकात तारेचा उल्लेख नव्हता. मी समासात लिहून ठेवला.

कोपर कवाडासारखा एकाच बाजूला उघडतो. खुबा उखळातल्या मुसळासारखा कुणीकडेही फिरतो. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरं तर मनगट आहे, आत बारकी हाडं पुरचुंडीतल्या चिंचोक्यांसारखी एकमेकांवर सरकतात. गाय रवंथ करत असली की आबा माझी बोटं तिच्या कानापुढे दाबून धरायचे. जबडा नुसता वरखाली होत नाही, बाजूलाही सरकतो. "कुत्र्याचा बघ, नुस्ता कवाडावानी. गाईला दळायचं असतंय." मग गाय बसली की आम्ही दोघं तिच्यासमोर बसून ती उठायची वाट बघायचो. आधी मागची बाजू वर येते, पुढची मनगटं तेवढी टेकलेली, मग एक पुढचा पाय, मग दुसरा. कुठला सांधा आधी उघडला ते ती उभी राहायच्या आत सांगायचं. गावातले लोक येता-जाता बघायचे आणि म्हणायचे, शिकून शिकून पोराला येड लागलं, म्हातारं बी त्यातलंच.

सगळ्यात शेवटी मान. आबांनी माझा अंगठा गाईच्या शिंगांमागे, कवटी संपते तिथे ठेवला आणि तिला मूठभर कडबा दाखवून मान खालीवर करायला लावली. "ह्यो पयला सांधा. ह्येनं व्हय म्हनती." मग अंगठा दोन बोटं खाली सरकवला. गाईच्या कानावर माशी बसली आणि तिने मान झटकली. अंगठ्याखाली काहीतरी वळलं. जात्याच्या मधल्या खिळीभोवती वरचा दगड फिरतो तसं. "आन् ह्यो दुसरा. ह्यो न्हाईचा."

पुस्तकातही तेच होतं. कवटी आणि पहिला मणका, तिथे मान होकारार्थी हलते. पहिला आणि दुसरा मणका, तिथे दुसऱ्याची खुंटी पहिल्यात बसलेली असते, त्या खुंटीभोवती डोकं फिरतं, नकारार्थी हलतं. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आबांनी स्वतःच्या मानेवर अंगठा ठेवला. मग म्हणाले, "आपल्या लोकांचा व्हयाचा सांधा झिजला बग. माज्या बापानं, त्येच्या बापानं, दुसरं काय हालीवलंच न्हाई. न्हाईचा पार गंजला व्हता. पयल्यांदा हालीवला तवा लई दुखला. गावानं आमचं पानी तोडलं, काम तोडलं. आता सतरा वर्सं झाली, रोज थोडं वंगन घालतोय." मळेवाल्याच्या मुलासमोर त्यांनी मान हलवली होती ती मला तेव्हा आठवली, आणि मी उठून आणलेली पेटीही आठवली.

जूनच्या शेवटी परीक्षा. टेबलावर रेडकाचा पुढचा पाय आणि शेजारी मानेसकट डोकं. आमचे प्राध्यापक होते आणि बाहेरून आलेले एक पिकल्या मिशांचे परीक्षक. परीक्षकांनी खांद्याचा सांधा मोकळा करायला सांगितला. मी डोळे मिटले, अंगठ्याने चाचपलं, खळगी सापडली, सुरी घातली. हाडाला न लागता ती आत गेली आणि सांधा उघडला. इतका हलका आवाज झाला की मलाच जेमतेम ऐकू आला.

"डोळे का मिटले?" परीक्षकांनी विचारलं.

"सांधा बोटाला सापडतो सर, डोळ्याला नाही."

ते पुढे झुकून बघायला लागले. तेवढ्यात आमचे प्राध्यापक कौतुकाने, हो, कौतुकानेच म्हणाले, "मी तर पहिल्याच सत्रात म्हणालो होतो. यांच्या हातातच असतं ते. पिढीजात."

परीक्षकांनी मानेवर बोट ठेवलं, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या मधे. "हा कुठला? हालचाल काय?"

"पिव्हट सांधा सर. दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती पहिला मणका आणि त्यावरचं डोकं फिरतं. हालचाल करून दाखवतो."

मी प्राध्यापकांकडे वळलो, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. "नाही सर. हातात नाही. माझ्या घरात सतरा वर्षांत मेलेल्या जनावराला कुणी शिवलेलं नाही. माझे वडील रेल्वेत रूळ सांधतात. हे मी दोन महिने जिवंत गाईवर शिकलो, लाथा खाऊन. शिकवणाऱ्याला सही करता येत नाही, पण या टेबलावर जे हलत नाही ते त्यांनी मला हलवून दाखवलं. शिकवावं लागतं सर. मलाही शिकवावं लागलं."

 आता मुकादम, आता खडी, असंच डोक्यात चाललं होतं. प्राध्यापकांचा चेहरा लाल झाला. परीक्षक चष्मा पुसत होते. तो त्यांनी सावकाश पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "जबड्याचा सांधा. गाईचा आणि कुत्र्याचा फरक सांगा." मी सांगितला. वंगणाला तार सुटते तेही सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

पास झालो. दौंडला वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मुकादमाला सांगाया पायजे मग," आणि चप्पल घालून लगेच निघाले, जशी काही गाडी चुकणार होती. मी तसाच पुढे गावी गेलो. आबा वावरात खुरपत होते, हातात तेच, सुरीचं केलेलं खुरपं.

"पास," मी म्हणालो.

"कंचा सांधा इचारला?"

"खांदा. मग न्हाईचा."

"काय केलंस?"

"हलवून दाखवला. मास्तरालाच."

आबांनी खुरपं मातीत रोवलं, गुडघ्यावर हात देऊन उठले, माझ्यामागे आले आणि त्यांचा राठ अंगठा माझ्या कवटीच्या दोन बोटं खाली ठेवला. "हालीव बगू."

मी हलवली. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"चाललं," ते म्हणाले. "वंगन हाय."